गाडीच्या रेडिओतील शिट्टी आणि खरखर : दोष नेमका कुठे आहे, हे कसे शोधावे?

मूळ लेखन (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत गेल्या काही महिन्यांपासून रेडिओ ऐकणे त्रासाचे झाले आहे. गाडी जुनी असली तरी इंजिन उत्तम स्थितीत आहे. मूळ हेड युनिट (डॅशबोर्डमधील रेडिओचा मुख्य संच) बंद पडल्यावर नवे बसवून घेतले, त्याच वेळी सीटखाली एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आला आणि पुढे काही दिवसांनी काचेवर डॅशकॅम लागला. यांपैकी कशानंतर त्रास सुरू झाला हे मला खात्रीने सांगता येत नाही, कारण त्या काळात गाडी फारशी चालवली नव्हती.

आवाज दोन प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे बारीक शिट्टी, जी एक्सिलरेटर दाबला की चढत जाते आणि सोडला की उतरते. दुसरी खरखर आहे. ती एफएमवर जवळच्या स्टेशनांना जाणवत नाही, पण लांबची स्टेशने पार झाकोळून टाकते, आणि मीडियम वेव्हवर तर भुणभुणीखेरीज काही ऐकूच येत नाही. दुरुस्तीवाल्याने हेड युनिटच्या पॉझिटिव्ह वायरवर एक फिल्टर लावून दिला. त्याने शिट्टी किंचित कमी झाल्यासारखी वाटली, पण गेली नाही. आता अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारा भाग) बदलावा असा सल्ला मिळाला आहे. एवढा मोठा सुटा भाग बदलण्यापूर्वी दोष खरोखर तिथेच आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि डॅशबोर्ड उघडण्याची तयारीही आहे.

प्रतिसाद १ (वाहनांची विद्युत दुरुस्ती करणारा सदस्य)

आपण दोन आवाज वेगवेगळे करून लिहिलेत, त्यामुळे अर्धे काम सोपे झाले. बहुतेक जण ‘रेडिओ खराब येतो’ एवढेच सांगतात आणि मग एकामागून एक भाग बदलत बसावे लागते.

गाडीतला गोंगाट रेडिओपर्यंत पोहोचायला मुख्यतः तीन वाटा आहेत : पुरवठ्याची वायर, अर्थिंग (म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची जोडणी) आणि अँटेना. आवाज कोण निर्माण करतो हे शोधण्याआधी तो कोणत्या वाटेने आत येतो हे शोधावे, कारण वाट ठरली की संशयितांची संख्या आपोआप कमी होते. त्यासाठी पाना किंवा मीटर काहीही लागत नाही. इंजिन चालू ठेवून प्रथम रेडिओऐवजी ब्लूटूथ किंवा यूएसबीवरून काही लावावे. शिट्टी तेव्हाही असेल तर तिचा अँटेनाशी संबंध नाही. त्यानंतर आवाजाची पातळी पूर्ण शून्यावर आणावी आणि शिट्टी बदलते का ते ऐकावे. शेवटी हेड युनिट बाहेर ओढून अँटेनाचा प्लग काढावा आणि मीडियम वेव्हवरील भुणभुण राहते की जाते ते पाहावे. या तीन चाचण्यांची उत्तरे कळवा, अल्टरनेटरचा विचार नंतर करू.

प्रतिसाद २ (रेडिओचा हौशी अभ्यासक)

वरील सूचनांशी पूर्ण सहमत आहे. त्यात आवाजाच्या लयीबद्दल थोडी भर घालतो, कारण कान हे या कामातले पहिले उपकरण आहे.

अल्टरनेटरमध्ये तीन फेजचा प्रवाह सहा डायोडमधून एकदिश होतो, तरीही त्यावर लहरी उरतात. इंजिन मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल आणि त्याला बारा ध्रुव असतील, तर या लहरींची वारंवारता सुमारे 1500 हर्ट्झ येते, आणि 2000 फेऱ्यांना ती 3000 होते. मानवी कान याच पट्ट्यात विशेष तीक्ष्ण असतो, म्हणून अगदी क्षीण लहरसुद्धा शिट्टीसारखी टोचते. इग्निशनचा आवाज मात्र शिट्टी नसून टकटक असते. चार सिलिंडरच्या इंजिनात 750 फेऱ्यांवर सेकंदाला 25 ठिणग्या पडतात. त्या सुट्या सुट्या ऐकू येतात आणि वेग वाढला की एकमेकींत मिसळून त्यांची घरघर होते.

इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवल्यावर येणारा आणि पुढे एक्सिलरेटरने न बदलणारा आवाज बहुधा इंधनपंपाचा असतो. ब्लोअर आणि वायपर यांचे आवाज त्यांच्या बटणांबरोबर सुरू होतात आणि थांबतात, त्यामुळे ते ओळखायला सोपे आहेत. जुन्या गाड्यांत आणखी एक विलक्षण प्रकार आढळत असे. कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांमध्ये स्थितिक विद्युतभार साठून खरखर होई आणि ब्रेक हलकेच दाबला की ती नाहीशी होई. त्यासाठी चाकाच्या ग्रीस-टोपीखाली एक लहान स्प्रिंग बसवत असत.

एफएम आणि मीडियम वेव्ह यांतील फरकही ध्यानात घ्यावा. मीडियम वेव्हवर ध्वनी लहरीच्या उंचीत दडलेला असतो आणि ठिणगीचा गोंगाटही उंचीच बदलतो, म्हणून रेडिओला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. एडविन आर्मस्ट्राँग यांनी ज्या रुंद पट्ट्याच्या एफएमचे पेटंट 1933 मध्ये मिळवले, त्यामागचा हेतूच हा खरखराट टाळण्याचा होता. एफएमचा संग्राहक उंचीतील चढउतार छाटून टाकतो, पण त्याकरिता स्टेशनाचा संकेत पुरेसा सशक्त असावा लागतो. आपली लांबचीच स्टेशने का बिघडतात याचे स्पष्टीकरण त्यात आहे, आणि अँटेनाकडेही एक नजर टाकावी असे ते सुचवते.

धागाकर्ता

काल संध्याकाळी तिन्ही चाचण्या केल्या. शिट्टी ब्लूटूथवरही तशीच आहे. मला खरे आश्चर्य वाटले ते दुसऱ्या चाचणीचे : आवाज शून्यावर आणला, गाणे पूर्ण थांबले, पण शिट्टी कणभरही कमी झाली नाही. अँटेनाचा प्लग काढताच मीडियम वेव्हवरील भुणभुण एकदम बंद झाली आणि मागे फक्त शिट्टी उरली. म्हणजे हे दोन निरनिराळे दोष आहेत, असे समजावे का?

प्रतिसाद १

होय, दोन दोष आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. आधी शिट्टीचे पाहू.

आवाजाच्या बटणाने शिट्टी कमी होत नाही, याचा अर्थ ती त्या बटणाच्या पुढे शिरते. तुमच्या रचनेत बटणाच्या पुढे आरसीए केबल (हेड युनिटमधून ध्वनीचा संकेत बाहेर नेणारी) आणि अ‍ॅम्प्लिफायर एवढेच आहे. आता इंजिन बंद करून आरसीएचे प्लग अ‍ॅम्प्लिफायरमधून काढा, इंजिन सुरू करा आणि ऐका. शिट्टी राहिली तर ती अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या पुरवठ्यातून किंवा अर्थमधून येते. गेली तर ती केबलवाटे येते, आणि मग बहुतेक वेळा अपराधी अर्थिंग असते.

हे जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या कामात सर्वाधिक वेळ याच दोषावर जातो. हेड युनिटचा अर्थ एका ठिकाणी आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दुसऱ्या ठिकाणी जोडलेला असतो. दोन्ही जोड चांगले असतील तर त्यांच्यातील विद्युतदाब जवळजवळ सारखा राहतो. हेड युनिटचा जोड कमजोर असला, तर त्याच्या प्रवाहाला बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परतायला सोपी वाट हवी असते आणि ती त्याला आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीत मिळते. त्या प्रवाहावर अल्टरनेटरची लहर स्वार असते. जाळीवर तिच्यामुळे जो अल्पसा दाब तयार होतो, तो अ‍ॅम्प्लिफायर संगीत समजून वाढवतो. पॉझिटिव्ह वायरवर फिल्टर लावून हा दोष जात नाही, कारण प्रवाह चुकतो तो परतीच्या वाटेवर.

मल्टिमीटरने हे मोजता येते. आरसीए काढलेली असताना, इंजिन, दिवे आणि हेड युनिट सुरू ठेवून, मीटर डीसीवर लावा. एक टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरे हेड युनिटच्या पत्र्याच्या पेटीवर धरा. लांब वायर जोडावी लागेल. मला 0.1 व्होल्टपेक्षा कमी वाचन आवडते. तसेच अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थ-स्क्रूवर मोजा. सोबत बॅटरीवरचा दाब इंजिन बंद असताना आणि चालू असताना पाहा, आणि चालू इंजिनावर एसी पट्टीत किती लहर दिसते तेही लिहा.

प्रतिसाद ३

अल्टरनेटर तपासण्याची एक झटपट पद्धत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे एक टर्मिनल सोडवायचे. इंजिन चालत राहिले तर अल्टरनेटर ठीक आहे.

प्रतिसाद १

कृपया असे मुळीच करू नये. बॅटरी ही अल्टरनेटरच्या दाबाला आवर घालणारी सर्वांत मोठी वस्तू आहे. ती चालू इंजिनात अचानक वेगळी केली तर दाब क्षणभर अनेक पटींनी उसळतो आणि अल्टरनेटरच्या डायोडपासून इंजिनच्या नियंत्रण-युनिटपर्यंत काहीही जळू शकते. डायनामोच्या आणि साध्या पॉइंटच्या काळात हे खपून जात असेल, आजच्या गाडीत खपत नाही. ज्यांनी हा प्रयोग केल्यावर माझ्याकडे गाडी आणली, त्यांचे नुकसान मी पाहिले आहे. त्याचप्रमाणे डॅशबोर्डमध्ये हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह सोडवावे, हेड युनिटला सांकेतिक अंक लागत असेल तर तो आधी लिहून ठेवावा आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नये.

धागाकर्ता

आरसीए काढल्यावर शिट्टी पूर्ण गेली. अ‍ॅम्प्लिफायर इतका शांत झाला की तो बंद पडला की काय, अशी मला शंका आली.

दाब इंजिन बंद असताना 12.5 आणि चालू असताना 14.1 व्होल्ट आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थवर 0.04 व्होल्ट मिळाले, पण हेड युनिटच्या पेटीवर 0.62! मात्र एसी पट्टीवर मीटरने 31 व्होल्ट दाखवले आणि मी घाबरून इंजिन बंद केले. अल्टरनेटर खरेच गेला आहे का?

प्रतिसाद २

घाबरू नका, तो आकडा मीटरचा आहे, गाडीचा नाही. अनेक स्वस्त मल्टिमीटर एसी पट्टीत डीसी अडवत नाहीत. ते अर्धी लहर मोजतात आणि तिला सुमारे 2.22 ने गुणून दाखवतात. 14.1 ला 2.22 ने गुणल्यास 31.3 येते. मीटरची टोके उलट लावून पाहा, बहुधा शून्य दिसेल. खरी लहर मोजायला डीसी अडवणारा आणि मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर कुणाकडून तरी मागून घ्यावा.

धागाकर्ता

टोके उलट लावली आणि खरोखर शून्य आले. एका मित्राचा चांगला मीटर आणला, त्यावर 40 मिलिव्होल्ट दिसले.

प्रतिसाद १

मग अल्टरनेटर निर्दोष आहे. एखादा डायोड गेलेला असता तर ही लहर कितीतरी मोठी दिसली असती. अर्धा व्होल्ट दिसता तर मीच त्याला उघडायला सांगितले असते. तुमच्या दोषाची जागा 0.62 या आकड्यात आहे. हेड युनिटची काळी वायर कुठे जोडली आहे, ती शोधा.

धागाकर्ता

सापडली. काळ्या वायरचे टोक डॅशबोर्डच्या आतल्या एका पट्टीला जोडलेले होते, तेही पत्र्याच्या स्क्रूखाली उघडे तार गुंडाळून. ती पट्टी संपूर्ण रंगवलेली होती. स्क्रू सोडवला तेव्हा रंगावर फक्त आट्यांच्या दोन चकचकीत रेषा उमटलेल्या दिसल्या, म्हणजे एवढ्याच धातूवर सारा भार होता. तारेचे टोकही काळवंडले होते.

मी जाड कॉपर वायर घेऊन तिला रिंगचे टर्मिनल नीट दाबून बसवले, बॉडीच्या पक्क्या बोल्टखालचा रंग काचकागदाने उजळ धातू दिसेपर्यंत घासला, दात असलेला वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून गंजरोधक ग्रीस लावले. आता तोच आकडा 0.03 व्होल्ट आहे. आरसीए परत लावून इंजिन सुरू केले. खिडक्या बंद करून, आवाज शून्यावर ठेवून मी पाच मिनिटे नुसता बसून ऐकत होतो. शिट्टी नाही. फिल्टर काढून पाहिला, तरीही नाही.

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आता दुसऱ्या दोषाकडे वळू.

प्रतिसाद २

फार आनंद झाला. आता भुणभुण.

अँटेना काढताच ती थांबली होती, म्हणून ती हवेतून अँटेनात येते आहे किंवा अँटेनाच्या केबलच्या जाळीवाटे. सर्वात मोठा संशय माझा डॅशकॅमच्या अडॅप्टरवर आहे. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा हा छोटा अडॅप्टर प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करतो. समजा तो 250 किलोहर्ट्झवर चालत असेल, तर त्याच्या पटी 750, 1000, 1250, 1500 अशा सरळ मीडियम वेव्हच्या पट्ट्यात, म्हणजे 531 ते 1602 किलोहर्ट्झमध्ये पडतात. मोबाइलचे चार्जर आणि काही एलईडी दिवे यांचेही असेच आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर मोटरचा इन्व्हर्टरच हा गोंगाट करतो आणि त्यामुळे काही उत्पादकांनी अशा गाड्यांमधून मीडियम वेव्ह काढून टाकली. कान देऊन ऐकण्याची सुविधा काढून घेऊन प्रश्न सोडवणे मला रुचत नाही, कारण लांब पल्ल्याच्या प्रसारणाचा तो एक सोपा मार्ग आहे.

शोधण्यासाठी सेलवर चालणारा छोटा मीडियम वेव्ह रेडिओ घ्या. जिथे स्टेशन नाही अशा ठिकाणी काटा ठेवा, आवाज मोठा करा आणि तो रेडिओ डॅशबोर्डच्या, दिव्यांच्या, वायरींच्या जवळून हळूहळू फिरवा. आतल्या फेराइट दांडीमुळे तो दिशा ओळखतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी त्याला वळवूनही पाहा. गोंगाटाचे उगमस्थान जवळ आले की तो स्वतःच सांगतो.

धागाकर्ता

जुना खिशातला रेडिओ कपाटात होता, त्यात नवे सेल घातले. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली. स्टीअरिंगखाली काही नाही, दिव्यांपाशी किंचित. डॅशकॅमच्या अडॅप्टरपासून वीतभर अंतरावर आल्यावर तो अक्षरशः गर्जू लागला. गंमत म्हणजे, त्याच्या पांढऱ्या वायरवरून हात फिरवावा तसा रेडिओ काचेच्या कडेने वर नेला, तेव्हा आवाज छतापर्यंत तसाच राहिला. छतावरच्या अँटेनाची केबल त्याच खांबातून खाली येते. दोन्ही वायरी हातभर अंतर अगदी चिकटून चाललेल्या होत्या.

अडॅप्टर काढला आणि मीडियम वेव्हवर कित्येक महिन्यांनी बातम्या स्वच्छ ऐकल्या. मात्र दूरच्या स्टेशनांवर आता इंजिनाबरोबर वाढणारी अस्पष्ट टकटक जाणवते. पूर्वी ती भुणभुणीखाली दडली असावी.

प्रतिसाद १

टकटक म्हणजे इग्निशन. तिच्याआधी अँटेनाचा पाया तपासा, कारण पायाचा अर्थ खराब असला की केबलची जाळी स्वतःच अँटेना बनते आणि बॉनेटखालचे सगळे काही उचलते. हेड युनिटमधून काढलेल्या अँटेना-प्लगची बाहेरची कडी आणि गाडीची बॉडी यांच्यातील रोध मोजा, तो एक ओहमपेक्षा कमी असला पाहिजे. मधली सुई आणि बाहेरची कडी यांच्यात, अँटेना साधी असेल तर, जोड दिसता कामा नये. अँटेनाच्या पायात अ‍ॅम्प्लिफायर असेल तर हे दुसरे मोजमाप लागू होत नाही. तशा अँटेनाला हेड युनिटकडून बारा व्होल्ट लागतात आणि नवे हेड युनिट बसवताना ती निळी वायर जोडायची राहून जाणे हे लांबची एफएम स्टेशने मंदावण्याचे फार नेहमीचे कारण आहे.

धागाकर्ता

माझी अँटेना साधीच आहे. कडी आणि बॉडी यांच्यात 27 ओहम आले. आतून छताचे अस्तर थोडे खाली घेऊन नट सोडवला, तर पायाखालच्या वॉशरवर तांबूस गंज चढलेला होता. छत आणि वॉशर दोन्ही घासून, नवा रबरी गॅस्केट घालून पुन्हा बसवले. आता 0.3 ओहम आहे. लांबची एफएम स्टेशने परत आली आणि टकटक निम्म्याहून कमी झाली.

उरलेल्या टकटकीसाठी स्पार्क प्लगच्या वायरी बदलाव्यात का? आणि डॅशकॅम मला हवा आहे. त्याच्या वायरवर फेराइटची क्लिप (गोंगाट अडवणारे चुंबकीय पदार्थाचे कडे) लावली तर चालेल का?

प्रतिसाद १

वायरी बदलण्याआधी स्पार्क प्लग काढून त्यावरचा क्रमांक वाचा. बहुतेक उत्पादक आत रोध असलेल्या प्लगच्या क्रमांकात ‘आर’ हे अक्षर घालतात आणि तो रोध साधारण 5000 ओहमचा असतो. मागे कधी प्लग बदलताना बिनरोधाचे लागले असतील तर टकटकीचे कारण तेच. बॉनेट आणि बॉडी, तसेच इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या वेणीच्या पट्ट्याही पाहून घ्या. त्या गंजून तुटलेल्या असतात आणि कुणाचे लक्ष जात नाही. जुन्या पद्धतीच्या कॉइलवर कंडेन्सर लावायचा असेल तर तो पॉझिटिव्ह बाजूलाच लावावा. दुसऱ्या बाजूला लावल्यास ठिणगीच बिघडते.

प्रतिसाद २

फेराइटबद्दल : बाजारात मिळणाऱ्या बहुतेक क्लिप मीडियम वेव्हपेक्षा बऱ्याच वरच्या वारंवारतांसाठी असतात. त्यातून वायर सरळ एकदाच गेली तर मीडियम वेव्हवर फरक जाणवणार नाही. मोठ्या भोकाची क्लिप घेऊन वायरचे तीन-चार वेढे द्या. परिणाम वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तीन वेढ्यांना जवळपास नऊपट. क्लिप अडॅप्टरच्या अगदी जवळ असावी. पण त्याआधी डॅशकॅमची वायर दुसऱ्या बाजूच्या खांबातून न्या. अंतर हाच सर्वांत विश्वासू फिल्टर आहे. तरीही भुणभुण राहिली तर अडॅप्टर बदला आणि नवा घेताना तोच खिशातला रेडिओ सोबत न्या, दुकानातच त्याच्याजवळ धरून ऐका.

धागाकर्ता

वायर दुसऱ्या खांबातून नेली आणि अडॅप्टरपाशी चार वेढे दिले. भुणभुण आता फक्त 1250 च्या आसपास, कान लावला तर ऐकू येते. प्लग काढले : चारपैकी दोनांवर ‘आर’ होते आणि दोनांवर नव्हते. चारही रोधाचे मागवले आहेत. बसवल्यावर येथेच कळवतो.